पाय धुण्याचा गुरुवार

दान कोणी दिले, किती दिले, याच्या नोंदी इतिहासात पुष्कळ सापडतात. ते किती अंतरावरून दिले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवली. आपल्या आज्या-पणज्यांना गावात भाकरी मिळत होती. ती पदरात वरून टाकली जाई. पाणीही मिळे, ते ओंजळीत उंचावरून ओतले जाई. म्हणून ख्रिस्ती दानधर्माचा इतिहास वाचताना आपले लक्ष रकमेपेक्षा देणाऱ्याच्या हाताकडे जाते, हे साहजिकच आहे.

ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळतात. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे. आपण जे खाल्ले नाही ते गरिबाच्या पोटात गेले पाहिजे, असे पाचव्या शतकात रोमचा पोप पहिला लिओ उपवासकाळातील प्रवचनांतून सांगत असे. या काळाच्या शेवटी पवित्र गुरुवार येतो. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायानुसार शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या समाजात हे दासाचे काम होते. पेत्र संकोचला, तो उगाच नव्हे. गुरूने दासाची जागा घेतली की शिष्याला कुठे बसावे ते कळेनासे होते. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, अशी आज्ञा येशूने तेव्हा दिली. आज्ञेला लॅटिनमध्ये ‘मान्दातुम’ म्हणतात. त्यावरून इंग्लंडात या दिवसाला ‘मॉन्डी’ गुरुवार हे नाव पडले.

इंग्लंडच्या राजांनी ही आज्ञा कशी पाळली, हे पाहण्यासारखे आहे. 1213 साली रोचेस्टर येथे जॉन राजाने तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेनी दिल्याची नोंद आहे. पुढे राजाचे जितके वय तितके गरीब बोलावण्याची चाल पडली. 1556 साली मेरी राणीने ग्रीनिच येथे 41 गरीब स्त्रियांचे पाय धुतले. गुडघ्यांवर सरकत ती एकीकडून दुसरीकडे गेली, प्रत्येकीच्या पायाचे तिने चुंबन घेतले आणि त्यांतील सर्वांत गरीब स्त्री शोधून अंगातला झगा तिला दिला. हीच राणी धर्ममताच्या कारणावरून माणसांना जिवंत जाळीत होती, हेही विसरून चालणार नाही.

1573 साली तिची बहीण एलिझाबेथ हिने याच गावी हा विधी केला तेव्हा 39 गरीब बसवले होते. राजवाड्याच्या धुलाईखात्यातील सेवकांनी आधी कोमट पाण्याने, सुवासिक फुले टाकून, त्यांचे पाय धुतले. नंतर उपदानाध्यक्षाने धुतले. मग दानाध्यक्षाने धुतले. त्यानंतर राणी आली. तीन वेळा धुतलेला पाय तिने चौथ्यांदा धुतला.

हे वाचून आपल्याकडचा माणूस हसेल. सोवळे कशाला म्हणतात ते त्याला शिकवावे लागत नाही. तरीही एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. इंग्लंडातील दरबाऱ्यांना गरिबाच्या पायाचा मळ आणि वास नको होता, साथीच्या रोगाचे भय होते. हा मळ तीन पाण्यांत निघत होता. आपल्याकडचा विटाळ पायाला नव्हता, जन्माला होता. तो कितीही पाण्यांनी निघत नव्हता. उलट पाणीच बाटत होते. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याचे मोल म्हणूनच वेगळे.

इंग्लंडात पुढे हात मागे सरकत गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीनंतर राजाने पाय धुतले नाहीत. अठराव्या शतकात दानाध्यक्षानेही धुणे सोडले. कपडे आणि अन्न यांच्या जागी पैसा आला. दोन शतकांहून अधिक काळ राजा विधीला फिरकलाच नाही. 1932 साली पंचम जॉर्ज आला तो नाणी वाटण्यापुरता. 2023 साली यॉर्क येथे तिसऱ्या चार्ल्सने 74 पुरुष आणि 74 स्त्रिया यांना थैल्या दिल्या. हे सन्मानाचे मानकरी होते. चर्चची आणि समाजाची सेवा पाहून त्यांना निवडले होते, गरिबी पाहून नव्हे. दानाध्यक्ष अजून कमरेला रुमाल बांधतो. पाणी नाही, पाय नाहीत, रुमाल आहे.

रोमन कॅथलिक चर्चने पाणी ठेवले, पण पाय कोणाचे हे ठरवून ठेवले. 1955 च्या सुधारणेत पुरुषांचेच पाय धुवावेत असे म्हटले होते. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. जानेवारी 2016 मध्ये स्त्रियांना अधिकृत मुभा मिळाली. केरळातील सिरो-मलबार चर्चने मात्र 2017 साली पुरुष आणि मुलगे यांच्यापुरताच विधी ठेवण्याचे ठरवले.

याच रोमन चर्चचे आपल्या देशातले एक देऊळ पाहा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. 1872 साली तिथे बांधलेल्या चर्चला विजारीच्या दोन पायांसारखे दोन सभामंडप होते आणि मधे भिंत. वेदी एकच. एका बाजूला वेल्लाळ, दुसऱ्या बाजूला नाडार आणि त्यांच्याहून खालचे मानलेले. वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी तोच उपवासकाळ पाळला, त्याच वेदीकडे तोंड केले. 1910 साली धर्मगुरूंनी भिंत पाडली. तेव्हा उच्चवर्णीय ख्रिस्ती न्यायालयात गेले. आपली वेगळी जागा हा आपला हक्क आहे, इतरांच्या स्पर्शाने आपल्याला विटाळ होतो, असे त्यांचे म्हणणे. मद्रास उच्च न्यायालयाने ते फेटाळले. शेजारी बसण्याचा हक्क इथे परक्या सरकारच्या न्यायालयात टिकवावा लागला.

भिंत पडली तरी प्रश्न उरला. डिसेंबर 2016 मध्ये, म्हणजे रोममध्ये स्त्रियांना मुभा मिळाली त्याच वर्षी, भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आजही आहे, असे त्यात बिशपांनी स्वतःच लिहून दिले आहे.