वेडा, मनोरुग्ण, शुभार्थी : वऱ्हाडच्या संदर्भात एका संज्ञापरिवर्तनाचा इतिहास

छिन्नमनस्कता जडलेल्या व्यक्तीचे मानसिक आरोग्य म्हणजे केवळ लक्षणांचे शमन नव्हे. काम, नाती आणि आत्मसन्मान यांसह जगता येणे हेही त्यात अंतर्भूत आहे. ही धारणा समाजात कितपत रुजते, हे काही अंशी समाज त्या व्यक्तीस कोणत्या नावाने ओळखतो यावर अवलंबून असते. यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तेथील शब्देतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात ऋद्धिपूरचे लोक त्यांना ‘वेडे’, ‘पिसे’ म्हणताना आढळतात. भक्तांना ईश्वरस्वरूप असलेल्या या पुरुषास आधुनिक निदान लावणे अनैतिहासिक ठरेल. लक्षणीय बाब एवढीच की, ते घरोघर जातात, गावभर फिरतात, आणि त्यांना वेडे म्हणणारे गाव त्यांना आपल्यातून वगळीत नाही. त्या काळी सर्वच वेड्यांना अशी वागणूक मिळे असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. तथापि ‘वेडा’ हा शब्द येथे वर्तनाचा वाचक आहे, बहिष्काराचा नव्हे. ध्यास, छंद, भक्ती या अर्थांनी ‘वेड’ मराठीत आजही वापरले जाते, ते याच अर्थविस्तारामुळे.

वसाहतकाळात या शब्दास प्रशासकीय अर्थ प्राप्त झाला. 1858 च्या कायद्यानंतर नागपूर येथे 1864 मध्ये वेड्यांचे इस्पितळ निघाले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा 1905 पासून यवतमाळ झाला. 1912 च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरून व्यक्तीस इस्पितळात ठेवण्याची पद्धत पक्की केली. ‘वेडा’ आता गावातला माणूस न राहता गावाबाहेर, भिंतीआड पाठविण्याचा माणूस ठरला. योगायोग असा की, याच सुमारास, 1908 मध्ये, झुरिकच्या ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा मांडली. ‘छिन्नमनस्कता’ हे तिचे शब्दशः भाषांतर होय. त्यातूनच या आजारात दोन व्यक्तिमत्त्वे असतात हा गैरसमज बळावला.

1987 आणि 2017 च्या कायद्यांनी परिभाषा पालटली. ‘मनोरुग्ण’ हा शब्द सौम्य खरा. परंतु त्यातही रोगानेच सारा माणूस व्यापला आहे. याउलट ठाणे-पुणे येथील स्वमदत गटांत रूढ झालेली ‘शुभार्थी’ व ‘शुभंकर’ ही जोडी निराळी आहे. ‘विद्यार्थी’प्रमाणे ‘शुभार्थी’ म्हणजे शुभाची इच्छा करणारा. शुभंकर म्हणजे त्याची काळजी वाहणारा. ज्याच्यावर उपचार होतात तो येथे इच्छेचा कर्ता बनतो. जगन्नाथ वाणी यांनी 1997 मध्ये पुण्यात स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कार्याचा या दृष्टीने उल्लेख आवश्यक आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळानेही ही जोडी स्वीकारली, यावरून तिची उपयुक्तता ध्यानी येते.

नामांतर निष्फळ नसते, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. तेथे 2002 मध्ये या आजाराचे नाव बदलल्यावर रुग्णास निदान सांगण्याचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवरून दोन-तीन वर्षांत सुमारे 70 टक्क्यांवर गेले. परंतु शब्दामागे सेवा हवी. गोवा, सातारा व तमिळनाडू येथे झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 282 रुग्णांच्या अभ्यासात, दवाखान्यातील उपचारांस प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड दिल्यावर लक्षणे व अक्षमता माफक प्रमाणात घटली.

यवतमाळला नागपूरचे मनोरुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने आशा कार्यकर्त्यांना मानसिक ताणाची विचारपूस करण्यासाठी उंबरठ्यापर्यंत नेले. दीर्घकालीन आजाराविषयी विचारताना त्यांनी कोणता शब्द उच्चारावा? ‘शुभार्थी’ संस्कृतप्रचुर आहे, आणि या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर गोंडी, कोलामी व बंजारा बोलीही नांदतात. त्या बोलींतील मनोव्यथेच्या शब्दांचे संकलन हे भाषाभ्यासकांपुढील कार्य होय. जो शब्द ऐकून घरचे लोक दार लावून न घेता बोलू लागतील, तोच योग्य पारिभाषिक शब्द मानावा लागेल.