बोलपटाची नामावली व कर्तृत्वाचा निर्णय
('बॉम्बे टॉकीज'च्या चित्रपटांवरून)

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिची पुष्पिका पाहतो. ग्रंथ कोणीं रचिला, नक्कल कोणीं केली, कोणत्या शकांत व कोठें केली, हें तींत सांपडतें. परंतु पुष्पिकेंत ज्याचें नांव आहे त्याचाच हात पोथीस लागला असें नेहमींच नसतें, हेंही तो अनुभवानें जाणतो. बोलपटाच्या आरंभीं पडद्यावर येणारी नामावली ही त्या कृतीची पुष्पिकाच होय, आणि तिलाही हाच न्याय लावावा लागतो. 'बॉम्बे टॉकीज' या हिंदी बोलपट काढणाऱ्या संस्थेच्या उदाहरणानें हें दाखवितां येतें.

हिमांशु राय व देविका राणी यांनीं ही संस्था १९३४ सालीं मुंबईनजीक मालाड येथें स्थापिली. तत्पूर्वीं राय यांनीं म्युनिकचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या साह्यानें 'प्रेम संन्यास' (१९२५), 'शिराझ' (१९२८) व 'प्रपंच पाश' (१९२९) हे मूकपट काढले होते. तोच संबंध पुढें चालून ऑस्टेन, छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग आदि जर्मन तंत्रज्ञ मालाडास आले. 'जवानी की हवा' (१९३५) पासून 'बादबान' (१९५४) पर्यंत संस्थेचे सुमारें ४० चित्रपट झाले.

त्यांपैकीं पहिल्या पांच वर्षांतील १६ चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून ऑस्टेन यांचें नांव आहे. ब्राह्मण तरुण व अस्पृश्य मुलगी यांच्या प्रेमाची कथा सांगणारा 'अछूत कन्या' (१९३६) हा त्यांतलाच. परंतु ऑस्टेन यांस हिंदी येत नव्हतें. कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे. ज्यास संवादाची भाषा अवगत नाहीं, त्यानें उच्चार व शब्दांतील भाव यांची पारख एकट्यानें केली असें मानतां येत नाहीं. तेव्हां 'दिग्दर्शक' या एका शब्दामागें अनेक हात आहेत, असें अनुमान करणें भाग पडतें.

पुढील घटनांनीं या अनुमानास बळकटी येते. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच इंग्रज सरकारनें ऑस्टेन व विर्शिंग यांस स्थानबद्ध केलें. १९४० सालीं राय निवर्तले. एकाच्याच हातीं सर्व विद्या असती तर संस्था तेथेंच बसली असती. उलट 'बंधन' (१९४०), 'झूला' (१९४१) व 'किस्मत' (१९४३) हे लोकप्रिय चित्रपट त्यानंतरचे आहेत. 'किस्मत' तर कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचे दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी हे याच संस्थेंतले.

व्यक्तींचीं नांवेंही जशींच्या तशीं घेतां येत नाहींत. संगीतकार सरस्वती देवी या मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी; पारशी स्त्रियांनीं चित्रपटांत काम करण्यास त्या समाजांतून विरोध झाल्यामुळें त्यांनीं दुसरें नांव धारण केलें. कुमुदलाल गांगुली हे रसायनशाळेंतील साहाय्यक. पडद्यावर ते अशोक कुमार झाले. 'ज्वार भाटा' (१९४४) मधील दिलीप कुमार म्हणजे यूसुफ खान. 'महल' (१९४९) मधील प्रसिद्ध गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून प्रथम 'कामिनी' हें चित्रपटांतील पात्राचेंच नांव छापलें होतें. आवाज लता मंगेशकर यांचा. अन्य पुरावा नष्ट झाला असता तर उद्यांचा संशोधक कामिनी नांवाची गायिका शोधीत बसला असता.

संस्थेच्या नांवाचीही तीच गोष्ट. राय यांच्या पश्चात् तेथें दोन पक्ष पडले. १९४३ सालीं शशधर मुखर्जी, अशोक कुमार आदि मंडळींनीं बाहेर पडून 'फिल्मिस्तान' काढली, व १९४५ सालीं देविका राणींनींही संस्था सोडली. नंतरचा 'महल' त्याच नांवाखालीं निघाला खरा. पण धनी बदलला तरी शिक्का तोच राहतो, म्हणून केवळ शिक्क्यावरून धनी ठरवूं नये.

मग खरा निर्णय कशावरून करावा? मूळ चित्रपट, आणि त्यांच्या जोडीस समकालीन कागद व छायाचित्रें यांवरून. पण जुन्या चित्रपटांची नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असते. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यांतील अशा पुष्कळ फिती भस्म झाल्या. विर्शिंग यांचीं छायाचित्रें त्यांच्या वंशजांनीं जपलीं. २०१७ सालीं तीं गोव्यांत प्रदर्शित झालीं. राय यांच्या वंशजांकडील संग्रह त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें लोकांस पाहावयास मिळाला. म्हणजे येथेंही, आपल्या जुन्या दप्तरांप्रमाणें, साधनें घराण्यांनींच राखलीं.

यास्तव संग्राहकांस विनंति अशी कीं, रद्दींत येणारीं गाण्यांचीं पुस्तकें, हस्तपत्रकें, करारनामे, पगाराच्या वह्या व चित्रीकरणाच्या वेळचीं छायाचित्रें क्षुल्लक समजूं नयेत. सुतार, रंगारी, शिंपी व दिवे धरणारे यांचीं नांवें नामावलींत बहुधा येत नाहींत. तीं कोठें मिळालींच तर पगाराच्या एखाद्या वहींतच मिळतील.