शरणपूरची वाट

आमचं गाव गंगापूर रोडच्या पार शेवटाला, धरणाच्या अलीकडे. आता या रस्त्याला कुणी वाट म्हणणार नाही. दोन्ही अंगांना इमारती, दवाखाने, हॉटेलं. पण मी शाळेत होतो तेव्हा गावातून निघालं की सोमेश्वरापर्यंत पेरूच्या बागा आणि उसाचे फड, मग आनंदवल्ली, जिथे राघोबादादांनी वाडा बांधला होता, आणि त्याच्यापुढे हळूहळू नाशिक लागायचं. दर रविवारी पहाटे मी वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून या रस्त्याने जायचो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती, आणि उपासना शरणपूरला.

दादा मुळात देवाधर्माच्या वाटेला जाणारा माणूसच नव्हता. आजा एका बागाईतदाराकडे सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची, वर्षभर ती फेडायची आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा उचल. आजाचा जन्म त्यातच गेला. दादाने ते जू मानेवर घ्यायचं नाकारलं आणि गंगापूर धरणाच्या मातीकामावर गेला. रोख मजुरी, कुणाचा मिंधा नाही. पण शनिवारी हातात पडलेला पगार रविवारपर्यंत दारूच्या गुत्त्यात संपायचा. आजी म्हणायची, "बाप मालकाचा सालगडी व्हता, ह्यो बाटलीचा झाला. याची उचल कंदी फिटायची?"

शरणपूरचे एक म्हातारे मास्तर आठवड्यातून एकदा धरणावरच्या वस्तीत येऊन मजुरांच्या पोरांना अक्षरं शिकवायचे. दादा त्यांच्यापाशी पहिल्यांदा गेला तो भांडायला. पोरांना नादी लावता म्हणून. मास्तरांनी त्याला बसवलं, तंबाखूची चिमूट दिली आणि एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट दादाने मला पुढे सायकलवर शंभरदा तरी सांगितली असेल. त्याच्या तोंडी ती थोडी वाढलेली होती. मोठा झाल्यावर मी पुस्तकं चाळून ती तपासली. दादाची काही वाढीव माहिती गळाली, पण मूळ गोष्ट त्याच्या सांगण्यापेक्षा मोठी निघाली.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात 1832 पासून होतं. 1850 नंतरच्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने शहराच्या पश्चिमेला मोकळ्या माळावर ख्रिस्ती लोकांसाठी वस्ती उभारली. घरादाराने टाकलेले धर्मांतरित, दुष्काळातली अनाथ पोरं, ज्यांना कुठेच थारा नाही अशी माणसं. म्हणून नाव पडलं शरणपूर. नुसती प्रार्थना नव्हे, सुतारकाम, लोहारकाम, शेती असं हाताला काम देणारी शाळा होती.

याच शरणपुरात आफ्रिकेची मुलं आली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसं पकडून किनाऱ्यावर आणायचे आणि गलबतांत भरून अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे विकायला न्यायचे. इंग्रजी आरमाराची जहाजं ही गलबतं अडवायची. सोडवलेली माणसं, त्यांत पोरंच फार, मुंबईच्या बंदरात उतरवली जायची. आता बघा, आरमाराने बेड्या तर तोडल्या, पण आठ-दहा वर्षांचं पोर, ना आई ना बाप, गाव कुठल्या दिशेला तेही ठाऊक नाही, भाषा कुणाला कळत नाही. ते सुटून जाणार कुठे? आयझेनबर्ग नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मुंबईत या पोरांचं आश्रयस्थान चालवलं होतं. 1860 च्या सुमारास ते शरणपूरला हललं. याओ, मकुआ असल्या जमातींची ही मुलं गोदावरीकाठच्या हवेत वाढली, ऐरणीवर घण मारायला शिकली, बायबल वाचायला शिकली. त्यांना नवी नावं मिळाली, तीही इंग्रजी. माझ्या मनाला ते आजही टोचतं. गुलाम करणाऱ्याने आईबापाचं नाव पुसलं आणि सोडवणाऱ्यानेही परत दिलं नाही. मास्तरांना मी हे एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तुझं म्हणणं खरं हाय पोरा. पन त्यांनी त्या नावाचं काय केलं ते बी वाच."

1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हिंदुस्थानात आला होता. आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीची तयारी चालली होती. तो नाशकाला येऊन गेला आणि शरणपूरची आठ-नऊ मुलं त्याच्याबरोबर जायला तयार झाली. ज्या मुलखातून फरफटत नेलं, त्याच मुलखात आपल्या पायांनी परत. दादाच्या गोष्टीत ही सगळी मुलं संत होती. तसं काही नव्हतं. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारीच तक्रारी आहेत. आळशी आहेत, ऐकत नाहीत, जनावरांना नीट वागवत नाहीत. काहींनी वाटेतच साथ सोडली. मला हे वाचून उलट बरं वाटलं. सोडून जाण्याची मुभा होती, म्हणजे ते नोकर असतील, गुलाम नव्हते. आणि एडवर्ड गार्डनरसारखे एकदोघे 1866 पासून शेवटपर्यंत टिकले. चुमालाही लोक नाशिकचा समजतात, पण तो मुंबईत डॉ. विल्सन यांच्याकडे होता.

1872 मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला आणखी माणसं गेली, त्यांत शरणपूरची काही मुलं होती. त्यांतला जेकब वेनराइट लिहिण्यावाचण्यात पक्का. 1 मे 1873 ला, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. खाटेपाशी गुडघे टेकलेला आढळला म्हणतात. गोरा माणूस जवळपास एकही नाही. हुकूम देणारा गेला. शे-दीडशे नव्हे, हजाराहून जास्त मैलांवर समुद्र. मुडदा नेताना कुणी पाहिलं तर अपशकुन म्हणून जिवावर बेतेल. तिथेच पुरून, सामान वाटून घेऊन आपापल्या वाटेने गेले असते तर कोण विचारणार होतं?

त्यांनी बसून सल्ला केला. सुसी आणि चुमा पुढारी. काळीज काढून झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थनेच्या पुस्तकातला अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. देह मिठाने, उन्हाने सुकवला, सालीत आणि कापडात गुंडाळला आणि उचलला. वाटेत माणसं आजारी पडली, काही मेली, एका गावाशी लढाई झाली. 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला, समुद्रावर पोचले. आठ-नऊ महिने! सामान, कागद, रोजनिशा जागच्या जागी. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पेटीला हात लावणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा माणूस होता.

दादाची गोष्ट इथे थांबायची. मग सायकलवर पायडल मारत तो हटकून म्हणायचा, "मालक मेला व्हता. बघनारं कोनी नव्हतं. तरी उचलला." धरणावर मास्तरांनी त्याला हेच सांगून विचारलं होतं, तुझ्या मानेवर आता मालक नाही, मग तू शनिवारी गुत्त्याकडे कुणाच्या हुकमाने जातो? दादा त्या दिवशी उत्तर न देता उठून गेला. त्यानंतरही दीडेक वर्ष पीत होता. एका झटक्यात सुटली असं लोक साक्ष देताना सांगतात, आमच्याकडे तसं झालं नाही. सुटायची, धरायची, आजी डोकं आपटून घ्यायची. मास्तर मात्र यायचे सोडत नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय ते त्याला पुन्हा पुन्हा वाचून दाखवत, गुलाम आणि घरचा मुलगा यांच्यातला फरक येशू सांगतो तो. पुढे दादाचा बाप्तिस्मा झाला. गावाने काही दिवस पाण्याचा रस्ता अवघड केला, ते मी इथे उगाळत नाही. आजीने शेवटपर्यंत आपले देव सोडले नाहीत आणि दादाने तिला कधी सोडायला लावले नाहीत.

शरणपूरच्या मुलांची पुढची गोष्ट दादाला ठाऊक नव्हती. 1873 मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. मग सोडवलेल्यांना समुद्र ओलांडून आणण्याऐवजी तिकडेच वसवावं असं ठरलं आणि त्या कामावर सोसायटीने प्राइसलाच पाठवलं. मोंबासाजवळ फ्रेअर टाउन वसलं. शरणपूरची आफ्रिकी मंडळी तिकडे गेली, कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी उपदेशक. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. गुलाम धरणारे आले तर सावध करायला वस्तीत घंटा टांगली होती. त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

या मंडळींत विल्यम जोन्स हा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पोरवयात विकला गेलेला, शरणपूरला लोहारकाम शिकलेला. तो 1864 मध्येच राबाईच्या मिशनमध्ये गेला होता. 1885 मध्ये त्याला चर्चची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर गेला, बिशप मारला गेला आणि उरलेली माणसं जोन्सने परत आणली. पण खरं काम राबाईत. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊन लपत. ठेवून घेणं म्हणजे तिथल्या कायद्याने चोरी. मालक शस्त्रं घेऊन यायचे, वरिष्ठ म्हणायचे हाकलून द्या. जोन्स स्वतः एकदा कुणाचा तरी माल होता, तो कसा हाकलणार? शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि 1889 च्या सुरुवातीला हजारावर माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

मी बाजारात एका अडत्याकडे काट्यावर होतो तेव्हाची गोष्ट. अडत्या काटा मारायचा, आणि वीस वर्षांचा मी तो मारायला शिकलो होतो. शेतकऱ्याच्या दर क्विंटलमागे किलो-दोन किलो. त्यातले चार पैसे मलाही. एका शनिवारी घरी नवीन घड्याळ घालून गेलो. दादाने विचारलं, कुठून? मी सांगितलं, आणि हसून सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "सोमवारी अडत्यानं सांगितलं, आज मारू नको, तर तुला चालंल?" मी म्हटलं, मालक सांगेल तसं. "आन् तू नाही म्हनला तर?" तर काढून टाकेल. दादा म्हणाला, "मंग आजा काय वाईट व्हता?"

सोमवारी मी गेलोच नाही. घड्याळ विकून आलेले पैसे दिंडोरीकडच्या एका कांदेवाल्याच्या हातात ठेवले, ज्याचा माल मी शेवटचा तोलला होता. त्याने आधी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, मग शिव्या दिल्या, मग चहा पाजला. सहा महिने बेकार होतो. दादा रोज संध्याकाळी मुकाट्याने भाकरी पुढे सरकवायचा.

आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं एक नाव सांगायचं राहिलं. गोदावरीच्या काठाला जलालपूर आहे. 1868 मध्ये तिथे गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली, पुढे ती लक्ष्मीबाई टिळक झाली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना तिचे वडील आठवतील. 1857 च्या गडबडीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवायचं. सारं घर त्या ओवळ्याच्या भीतीने बांधलेलं. त्या घरची मुलगी. नवरा, नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा ती वेडीपिशी झाली. काही वर्षांनी त्याच्याकडे नगरला राहायला गेली तरी तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एकदा स्वतःच विचार करता करता तिला वाटलं की जात देवाने केलेली नाही, आणि तिने ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. नगरला प्लेग आला तेव्हा हीच बाई रोग्यांची शुश्रूषा करत होती. जी आदल्या जन्मात, म्हणजे आठ-दहा वर्षांपूर्वीच, सावलीनेही विटाळली असती.

दादाला मी 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवलं, त्याच्या शेवटच्या आजारपणात. मीठ धुण्याचा भाग त्याला फार आवडला. खोकत खोकत हसायचा, पुन्हा वाच म्हणायचा. "जलालपूर म्हंजी आपलंच की," तो म्हणाला, "आपून रोज वळसा घालून जायचो. मास्तरनी हे का नाही सांगितलं?"

मास्तर तेव्हा जाऊन वीस वर्षं झाली होती. दादाला रविवारी शरणपूरला नेलं, रिक्षातून. सायकल अजून आमच्या पडवीत आहे. पुढच्या दांडीला गुंडाळलेलं फडकं तेवढं कुजलं.