फत्तेखानाची जागा आणि दौलताबादचा हौद

ओझरला जयंतीच्या तयारीची बैठक होती. वर्गणी ठरली, मिरवणुकीचा मार्ग ठरला आणि मग एका तरुणाने मोबाइल पुढे केला. दौलताबादच्या किल्ल्यावर मुसलमानांनी बाबासाहेबांचा अपमान केला, तरी तुम्ही त्यांना स्टेजवर बसवता, असा मेसेज होता. मेसेज खरा होता, पण अर्धा. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी महाड. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी आपल्या लोकांना गाठून मारले. त्यातल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात सत्याग्रह परिषद घ्यायची तर गावातला एकही हिंदू जागा देईना. जागा दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. 25 डिसेंबरला मनुस्मृती जळली ती त्या जागेवर. फत्तेखानाच्या मनात शिरून आम्ही त्याला धर्मवीर करणार नाही. सगळे गाव विरोधात असताना त्याने जागा दिली, एवढे पुरे आहे.

आता दौलताबाद, 1934. वेरूळच्या वाटेवर बाबासाहेब आणि सोबतचे कार्यकर्ते किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ‘धेडांनी हौद बाटवला’ म्हणून ओरडत आला आणि जमाव जमला. मेसेज इथे संपतो. बाबासाहेबांनी लिहिलेली हकिकत मात्र पुढे जाते. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाण्यापासून अडवाल काय, असे त्यांनी जमावाला विचारले. जमाव गप्प झाला. तरीही किल्ला पाहताना सोबत हत्यारबंद शिपाई दिला, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. म्हणजे प्रश्नाला उत्तर नव्हते, पण विटाळ तसाच राहिला.

बाबासाहेबांनी त्यांच्याच धर्माची मोजपट्टी त्यांच्यापुढे धरली होती. ती मोजपट्टी हातात घेणारे मुसलमानांमध्येही निघाले. मुंबईचे असगर अली इंजिनिअर हे त्यातले ठळक नाव. जन्म 1939, वडील बोहरा समाजाचे आमिल, कुराणाचे शिक्षण घरातच. महापालिकेत अभियंता असताना ते बोहरा सुधारकांबरोबर सय्यदनांच्या सत्तेविरुद्ध उभे राहिले आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. बोहरा बहिष्कार म्हणजे लग्न बंद, दफनभूमी बंद, नातेवाइकांची दारे बंद. बहिष्कृत या शब्दाचे वजन आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तरी त्यांनी इस्लाम सोडला नाही. कुराणाचा गाभा न्याय आहे आणि ते दुबळ्यांच्या बाजूने उभे आहे, हे ते 2013 साली मृत्यू येईपर्यंत मांडत राहिले.

मुंबई सरकारने 1949 मध्ये असा बहिष्कार बंद करणारा कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने तो रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा नवा कायदा यायला 2016 साल उजाडले. मधल्या काळात जातपंचायतींनी काय केले, ते नाशिक जिल्ह्याला माहीत आहे.

पण श्रद्धेची दुसरी बाजूही सांगायला हवी. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. तिच्या सभांना दिलीपकुमारही जात. तेव्हा तिला विरोध कोणत्या वाक्याने झाला? इस्लाममध्ये जात नसते, या वाक्याने. तेच वाक्य नमाजाच्या रांगेत समता होते आणि प्रमाणपत्र मागायला गेलेल्या बागवानाला, मोमिनाला, कसायाला गप्प बसवायचे साधनही होते. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुसलमानांमधल्या जातीवर लिहिले, ते उगाच नाही. म्हणून निवडणुकीपुरत्या ‘जय भीम, जय मीम’ने आम्ही हुरळत नाही. शब्बीरभाईंच्या बाजूने उभे राहिलेले मुसलमान आमचे आधी.

त्या तरुणाला आम्ही दौलताबादची हकिकत पूर्ण वाचायला दिली. पुढच्या बैठकीत त्याने ती मोठ्याने वाचली आणि वर एक प्रश्न टाकला. “दादा, तुमचा धम्म हेच शिकवतो का, असं आपल्या विहारात येऊन कुणी विचारलं तर? शेजारच्या मातंग वस्तीतल्या किती जणांना आपण आजवर बोलावलंय?”

बैठक बराच वेळ गप्प होती. मग कोणीतरी वर्गणीची वही उघडली आणि त्या वस्तीत कोण कोण जाणार, त्यांची नावे लिहायला घेतली.