कळसूबाई : बारी गावचे शिखर व तेथून दिसणारा मुलूख

महाराष्ट्र राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. अकोले व इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवर ते उभे असून, शिखरावर जाण्याची रुळलेली वाट अकोले तालुक्यातील बारी या गावातून निघते. पुष्कळ ठिकाणी यास संपूर्ण सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर म्हटलेले आढळते. ही समजूत महाराष्ट्रापुरतीच खरी मानावी. पश्चिम घाटाची सलग रांग केरळपर्यंत धरली तर तेथील अनैमुडी शिखर २६९५ मीटर उंच आहे. आपल्या मध्य प्रदेशातील वाचकांस उंचीची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे तर पचमढीचा धूपगड साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे. उंचीत साल्हेरचा क्रमांक यानंतर, १५६७ मीटर. तो मात्र किल्ला आहे. कळसूबाईवर तट नाही, बुरूज नाही, इतिहासात गाजलेली लढाई नाही. येथे आहे ते एक लहानसे देऊळ आणि चहूबाजूंनी उघडे आकाश.

इंदूरकरांना हा प्रदेश वाटतो तितका परका नाही. आपल्या शहरातून जाणारा आग्रा-मुंबई मार्ग सेंधवा, धुळे, नाशिक करीत घोटीस पोहोचतो आणि घोटीहूनच भंडारदऱ्याकडील रस्ता डावीकडे फुटतो; त्याच रस्त्यावर बारी लागते. ज्या जिल्ह्यात हे गाव येते त्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात आहे. रेल्वेने येणाऱ्यांस इगतपुरी स्थानक जवळचे.

कळसूबाईची कथा या परिसरात थोड्याफार फरकाने सर्वत्र सांगितली जाते. कळसू ही रानात हिंडण्याची आवड असलेली कोळी समाजातील मुलगी. ती डोंगराच्या पायथ्याच्या गावी आली व एका घरी कामास राहिली. राहताना तिने अट घातली, की भांडी घासणे व केर काढणे ही दोन कामे आपणास सांगू नयेत. अट मान्य झाली, दिवस सुरळीत गेले. पुढे एके दिवशी घरच्यांनी तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. तिने वाद घातला नाही. भांडी घासली, केर काढला, आणि तशीच डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली उतरली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ व केर काढला ती काळदरा म्हणून दाखविली जाते. हल्लीच्या मराठी कथनांत हे घर बारीच्या पाटलाचे आहे. इंग्रजी अमदानीतील जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र गावाचे नाव इंदोर असे येते. शिखराच्या उत्तर पायथ्याशी इगतपुरी तालुक्यात इंदोरे नावाचे खेडे आजही आहे. आपल्या होळकरांच्या इंदूरशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह कोणी करू नये.

या कथेत राक्षसाचा वध नाही, दृष्टांत नाही, वरदानही नाही. दिलेला शब्द मोडला गेला एवढाच प्रसंग आहे, आणि ज्या समाजातील मुलीचा शब्द मोडला गेला त्या समाजाने तिला परिसरातील सर्वांत उंच जागा दिली. आपल्याकडील देवीमाहात्म्यांत इतकी साधी व इतकी टोचणारी कथा क्वचितच आढळेल. तिला अलीकडे चमत्कारांची जोड देण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. मूळ कथेस त्याची आवश्यकता नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चढाची माहिती अशी. बारी गाव सोडल्यावर वाट जहागीरदारवाडीतून भातखाचरांच्या कडेने डोंगराच्या सोंडेस लागते. गावापासून माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरांची चढण आहे. सवय असलेल्यास तीन तास, इतरांस चार किंवा अधिक लागतात. उतरण्यास अडीच-तीन तास धरावेत. सोंडेच्या आरंभी देवीचे एक मंदिर बांधलेले आहे. ज्यांना वर जाणे शक्य नाही त्यांनी येथे दर्शन घेऊन परतावे, अशीच त्यामागील योजना आहे. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींनी या मंदिरास दुय्यम मानू नये, ही विनंती.

पुढे हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा बनत जातो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून येथील काळा कातळ तयार झाला. त्यामुळे एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, अशी रचना आहे. या कड्यांवर लोखंडी शिड्या व कठडे बसविलेले आहेत. शिड्या पुरेशा मजबूत आहेत, परंतु अरुंद आहेत. चढणारा व उतरणारा समोरासमोर आले की एकास थांबावेच लागते, आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी येथे माणसांच्या रांगा लागतात. थांबलेल्या रांगेत मागून ढकलणे, शिडीच्या मध्यावर छायाचित्रासाठी हात सोडणे हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास माथ्यावर अथवा लोखंडी शिडीजवळ क्षणभरही रेंगाळू नये. वीज उघड्या माथ्याकडे आधी येते व धातूतून सहज वाहते. अशा वेळी दर्शन राहिले तरी चालेल.

शिखराच्या थोडे खाली सपाटीवर एक विहीर आहे. पूर्वीपासून भाविकांची तहान तिनेच भागविली. उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नये. प्रत्येकाने किमान दोन ते तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात हे सांगण्याची वेळ यावयास नको होती. केर काढावयास लावल्यामुळे जी घर सोडून येथे आली, तिच्याच दारात आपण केर टाकून येतो, याची लाज वाटली पाहिजे. हा सर्व परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वनविभागाचे नियम येथे लागू आहेत.

माथ्यावरील देऊळ एवढे लहान आहे की आत दोन-तीन माणसेच मावतात. बाहेर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की अगदी जवळ अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग ओळीने दिसतात. मधला टोकदार तो मदन. दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला आहे. प्रवरेवरील हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाण्यापलीकडे रतनगड, त्याच्या माथ्यावरील नेढे म्हणजे कातळातील आरपार भोक. हवा स्वच्छ असल्यास त्यातून पलीकडचे आकाश दिसते असे सांगतात, परंतु त्यासाठी दुर्बीण बरोबर असलेली बरी. त्याहून मागे हरिश्चंद्रगडाचा विस्तीर्ण डोंगर. पूर्वेकडे याच रांगेत बितनगड, पट्टा आणि औंढा. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना छत्रपती शिवाजी महाराज पट्ट्यावर मुक्कामास राहिले, म्हणून त्याचे नाव विश्रामगड झाले. उत्तरेस त्र्यंबकचा ब्रह्मगिरी व अंजनेरी ओळखता येतात. थंडीत एखाद्या निर्मळ सकाळी दूरवर सप्तशृंगीच्या रांगेची रेषाही उमटते.

पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती समजून घ्यावी लागते. या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. उत्तर उतारावरचे पाणी दारणेच्या खोऱ्यात उतरते, दक्षिणेचे प्रवरेत. दारणा गोदावरीस लवकर मिळते. प्रवरा अकोले, संगमनेर, नेवासे असा लांबचा फेरा घेऊन टोके येथे प्रवरासंगमावर तिला भेटते. माथ्यावर हातभर अंतराने दुरावलेले थेंब तेथे एकत्र येतात व पुढे पैठण, नांदेड करीत तेलंगणात बासरच्या सरस्वतीपाशी जातात. आपल्या हैदराबादकर आप्तांनी हे लक्षात ठेवावे.

कोणत्या दिवसांत जावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. देवीचा उत्सव नवरात्रात असतो व त्या काळात येथे यात्रा भरते. परिसरातील गावकरी मोठ्या संख्येने वर जातात. परंतु आश्विनात कातळ अजून ओला असतो आणि परतीच्या पावसाची दुपार बेभरवशाची. श्रावणात डोंगर हिरवागार, धबधबे वाहते, मात्र माथा बहुतेक ढगात. वर जाऊन चार हातांपलीकडचे दिसत नाही. सोनकीची पिवळी फुले भाद्रपदात उतार झाकून टाकतात, ती मात्र पाहण्याजोगी. ज्यांना मुलूख पाहावयाचा आहे त्यांनी कार्तिक ते पौष हा काळ निवडावा. उत्सव व दृश्य एकाच फेरीत साधण्याचा आग्रह धरू नये. सूर्योदयासाठी मध्यरात्री चढणाऱ्यांची संख्या वाढली आहे. नवख्यांनी अंधारात शिड्या चढण्याऐवजी पहाटे उजाडता उजाडता गाव सोडावे, दहाच्या सुमारास माथा गाठता येतो.

बारीत मुक्कामाची व जेवणाची सोय गावातील घरांतून होते. भात, नाचणीची भाकरी, पिठले असा साधा बेत असतो. वाटाड्या गावातूनच घ्यावा. त्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि ठरला तेवढा द्यावा. एक दिवस अधिक हाती असल्यास भंडारदरा जलाशयाच्या काठाने रतनवाडीस जाऊन अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर पाहता येते. परतीच्या वाटेवर रंधा धबधबा आहे, मात्र तो पाहावयाचा तर प्रवरेस पाणी असताना.