पंधरा जणींचा अर्ज

आज आम्ही तुम्हाला जपानला नेणार आहोत, ज्युदोच्या आखाड्यात. गोष्ट काओरी यामागुची या खेळाडूची आहे. आपण तिला काओरीताई म्हणू.

ज्युदो म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या कुस्तीची लांबची बहीणच म्हणा. तिथं लाल माती नसते, चटई असते. अंगात जाड कापडाचा सदरा आणि कमरेला पट्टा. समोरच्याची कॉलर आणि बाही धरायची, तोल घालवायचा आणि पाठीवर पाडायचं. पाठ जोरात आणि नीट टेकली की लढत तिथंच संपली, आपल्याकडे चीतपट होतो तसं. शिकणाऱ्याला पहिला धडा मात्र पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. इजा होऊ न देता पडायचं कसं, हे आधी शिकवतात.

हा खेळ जिगोरो कानो या शिक्षकांनी १८८२ साली टोकियोत सुरू केला. त्यांच्या शाळेचं नाव कोडोकान. तिथं बायकांसाठी १९२६ साली वेगळा विभाग निघाला. पण बायकांनी सराव करायचा, ठरलेले डाव शोभेसारखे करून दाखवायचे, एवढंच. स्पर्धेत उतरायचं नाही. काळा पट्टा मिळवला तरी बाईच्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी रेघ असायची. म्हणजे लांबूनच कळावं की हा काळा पट्टा बाईचा आहे!

१९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला, फक्त पुरुषांसाठी. त्याच वर्षी डिसेंबरात काओरीताईचा जन्म झाला. लहानपणीच ती ज्युदो शिकायला लागली, मुलग्यांच्या बरोबरीनं. जपानमध्ये बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं. त्या पहिल्याच स्पर्धेत आपल्या वजनगटात ती जिंकली. वय किती? तेरा. आणि पुढं सलग दहा वर्षं त्या स्पर्धेत तिला कोणी हरवलं नाही.

पण देशाबाहेर जाऊन खेळायचं तर जागतिक स्पर्धा हवी. ती बायकांसाठी नव्हतीच. ती उभी केली अमेरिकेतल्या एका बाईनं, आणि तिची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाववत नाही. रस्टी कानोकोगी तिचं नाव. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली. १९५९ साली तिनं केस बारीक केले, छाती पट्टीनं घट्ट बांधली आणि पुरुषांच्या संघातून स्पर्धेत उतरली. लढत जिंकली, संघही जिंकला. मग आयोजकांनी बाजूला घेऊन विचारलं, तू बाई आहेस का? तिनं हो म्हटलं. पदक परत द्यावं लागलं. नाही म्हणाली असती तर कदाचित पदक घेऊन घरी गेली असती. त्या एका ‘हो’पासून पुढची वीस वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे लागली. स्वतःचं घर गहाण टाकून तिनं १९८० साली न्यूयॉर्कमध्ये बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली. घर गहाण टाकणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

त्या स्पर्धेत पंधरा वर्षांच्या काओरीताईनं रौप्यपदक मिळवलं. १९८४ साली व्हिएन्नात सुवर्ण. जागतिक ज्युदोत सोनं जिंकणारी ती पहिली जपानी बाई. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदो अखेर आला, पण निव्वळ प्रदर्शनाचा खेळ म्हणून. काओरीताईला कांस्यपदक मिळालं. तिथंच अमेरिकेच्या महिला संघाची प्रशिक्षक होती रस्टी. प्रदर्शनाच्या खेळातली पदकं अधिकृत तक्त्यात धरत नाहीत. बायकांना खरी पदकं १९९२ साली बार्सिलोनात मिळाली, तोवर काओरीताई निवृत्त झाली होती. दार उघडायला जी सगळ्यात आधी उभी होती, तीच आत जायची राहिली.

मग ती शिकवायला लागली. त्सुकुबा विद्यापीठात मुलींना घडवलं, तिथंच प्राध्यापक झाली आणि पुढं जपानच्या ऑलिंपिक समितीवर गेली. आम्हाला तिच्या पदकांपेक्षा पुढचा प्रसंग मोठा वाटतो.

२०१२ साली जपानच्या महिला संघातल्या खेळाडू आपल्या मुख्य प्रशिक्षकाच्या, र्युजी सोनोदा यांच्या, मारहाणीबद्दल बोलू लागल्या. थोबाडीत मारणं, सरावाच्या बांबूच्या तलवारीनं मारणं, वाट्टेल ते बोलणं. देशासाठी खेळणाऱ्या पोरी होत्या या. तक्रार आधी ज्युदो संघटनेकडे गेली. संघटनेनं प्रशिक्षकाला समज दिली आणि पदावर ठेवलं. संघटनेच्या कार्यकारिणीत तेव्हा एकही बाई नव्हती. डिसेंबरात पंधरा जणींनी मिळून थेट ऑलिंपिक समितीला लिहिलं. समितीनं काय करावं? चौकशी त्याच ज्युदो संघटनेकडे सोपवली. ज्यांच्याबद्दल गाऱ्हाणं, अर्ज फिरून त्यांच्याच टेबलावर. गावात अर्ज घेऊन फिरलेल्या बायांना हा प्रवास पाठ असेल.

जानेवारी २०१३ च्या शेवटी बातमी फुटली. दोनच दिवसांत सोनोदा यांनी पद सोडलं. पंधरा जणींनी आपली नावं बाहेर येऊ दिली नाहीत. वकिलांमार्फत आपलं म्हणणं मांडलं. नाव न सांगता कसली तक्रार, असंही काहींनी म्हटलं. अशा वेळी काओरीताई स्वतःच्या नावानं वर्तमानपत्रांशी बोलली आणि त्यांच्या बाजूनं उभी राहिली. ती स्वतः ऑलिंपिक समितीची सदस्य होती, आणि ज्युदोतले बहुतेक मोठे लोक तिच्या ओळखीचे. ओळखीच्या माणसांविरुद्ध बोलायचं म्हणजे जिवावरच येतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघटनेच्या अध्यक्षांनाही पायउतार व्हावं लागलं, आणि कार्यकारिणीत बायका आल्या.

तिची ही सवय पुढंही गेली नाही. मार्च २०२० मध्ये कोरोना पसरत असताना टोकियोचं ऑलिंपिक पुढं ढकला, असं ती समितीत असूनही उघड म्हणाली. समितीचे अध्यक्ष नाराज झाले. त्याच महिन्यात स्पर्धा पुढं ढकलली गेली. वर्षभरानं ती झाली, तेव्हा जपानच्या मुलींनी ज्युदोत वैयक्तिक चार सुवर्णपदकं जिंकली.

रस्टीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. २००९ साली तिला ते जुनं पदक समारंभानं परत दिलं, पन्नास वर्षांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती वारली. आणि बायकांच्या काळ्या पट्ट्यावरची ती पांढरी रेघ जपानच्या संघटनेनं २०१७ साली काढून टाकली.