कानतुटका कप आणि बाळू पालवणकर

बिद्रीला आमच्या मागच्या दारी खिडकीच्या फळीवर एक कानतुटका कप असायचा. कुणाचा, ते कधी विचारावं लागलं नाही. आमच्या टीममधला सगळ्यात चांगला बॉलर गावाच्या त्या बाजूला राहायचा. मॅच जिंकून आलो की चहा सगळ्यांना, त्याला त्या कपात. प्यायचा, विसळायचा आणि परत फळीवर ठेवायचा. घरातली वडीलधारी मंडळी हे वाचतात, त्यांना राग येईल कदाचित. पण मीही तेव्हा गप्पच बसलो होतो.

हा कप परत आठवला तो रामचंद्र गुहांचं २००२ साली आलेलं क्रिकेटच्या इतिहासाचं पुस्तक वाचताना. त्यात बाळू पालवणकर भेटला. (सचिनला, सुनीलला आपण हक्काने अरेतुरे करतो, म्हणून बाळूलाही 'तो'च म्हणतो.)

बाळू चांभार समाजातला. गाव कोकणातलं पालवण, जन्म धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमाराचा. म्हणजे आपल्या शाहू महाराजांहून वर्ष-दोन वर्षांनी लहान. पुण्यात पारशांच्या क्लबात तो खेळपट्टी झाडायचा आणि रोलर फिरवायचा, महिना ३ रुपयांवर. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात, ४ रुपयांवर. तिथे साहेब लोकांना नेटमध्ये बॉलिंग टाकता टाकता हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित बॅट्समन तासन् तास त्याच्यासमोर सराव करी. आउट केलं की आठ आणे देई, असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम गाळायचं काम ह्याचं!

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू संघात आला. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाची वेळ झाली की बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात फेकून द्यायचं मातीचं भांडं. जेवणही वेगळं. न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा जाहीरपणे विचारलं होतं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे?

प्लेगच्या सुमारास तो मुंबईला आला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्यात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय पस्तिशीच्या आसपास! परत आल्यावर मुंबईत सत्कार झाला, त्याचं मानपत्र लिहिलं ते विशीतल्या आंबेडकरांनी.

एवढं करूनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा कर्णधार बाळू कधीच झाला नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळलं. भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी तडजोड झाली आणि बाळूला उपकर्णधार केलं. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला. थोरल्या भावाला मिळायला हवं होतं ते धाकट्याला मिळालं.

अमेरिकेत सॅचेल पेज नावाचा काळा पिचर वर्णभेदामुळे मोठ्या लीगच्या बाहेर राहिला. १९४८ साली दार उघडलं तेव्हा तो बेचाळिशीत होता. बाळूला आत घेतलं होतं, चहा मात्र बाहेर. ह्यातलं कुठलं जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

पुढे बाळू काँग्रेसमध्ये गेला. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटीत होता. १९३७ च्या निवडणुकीत तर थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, १३,२४५ विरुद्ध ११,२२५. एकेकाळी मानपत्र लिहिणारा आणि ते घेणारा असे समोरासमोर आले. ह्यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बाळूला हिंदू संघात जागा हवी होती, ती मिळवण्यात त्याचं आयुष्य गेलं. बाबासाहेबांचा त्या संघावरचाच विश्वास उडाला होता. १९५५ साली बाळू गेला, पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी धर्म बदलला.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं. तिथे स्वतः गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही प्यायला लावायचे. कागलच्या घाटग्यांचा हा मुलगा. आमचं बिद्री त्याच कागल तालुक्यातलं. महाराजांच्या फोटोला दर वर्षी हार घालणाऱ्या आमच्या घरात तो कप मात्र कितीतरी वर्षं फळीवर होता.

नंतर कधीतरी तो कप दिसेनासा झाला. कुणी फेकला, फुटला, विचारलं नाही. आता गावी गेलो की त्या मित्राकडे जायचं, चहा मागायचा आणि हे सगळं त्याच्यासमोर बोलायचं आहे. चहा सोपा आहे हो, बोलणंच अवघड आहे.